वाकायचे कोणी?

मागच्या स्नेहसंमेलनात पारितोषिके वाटून झाल्यावर प्रमुख पाहुण्यांनी आम्हाला एक गोष्ट सांगितली. जपानमधील क्योतो शहरात र्योआन-जी नावाचे मंदिर आहे. त्याच्या आवारात हात धुण्याचे एक दगडी कुंड असून त्यावर संतोषाचा मंत्र कोरलेला आहे. अशा कुंडाला तिकडे ‘त्सुकुबाई’ म्हणतात, असे त्यांनी सांगताच मागच्या बाकांवर खसखस पिकली. पाहुणे पुढे म्हणाले, “तरुणांनो, नोकरी नोकरी करीत वणवण फिरू नका. आहे त्यात समाधान मानायला शिका.” टाळ्या पडल्या. मी मात्र वाजवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन मी जपानी बागांवरची पुस्तके काढली.

कुंड खरोखर सुंदर आहे. जुन्या नाण्यासारखा गोल दगड, मधोमध पाण्याचा चौकोनी खळगा आणि त्याच्या चार बाजूंना चार अक्षरे. ती सुटी वाचली तर त्यांचा मेळ लागत नाही. पण चौकोन हे ‘तोंड’ या अर्थाचे चिन्ह आहे. ते प्रत्येक अक्षराला जोडून वाचले की वाक्य तयार होते : ‘पुरे म्हणजे काय, एवढेच मी जाणतो.’ हे कुंड तोकुगावा मित्सुकुनी या सतराव्या शतकातल्या सरदाराने दिले, असे परंपरा सांगते. तोकुगावा घराणे म्हणजे त्या काळचे जपानचे सत्ताधीश! तेव्हा हे वाक्य एका धनवंताच्या दानावरचे आहे. कुणा उपाशी माणसाच्या दारावर ते कोरलेले नाही.

त्सुकुबाई हा शब्दच मुळी ‘ओणवे होऊन बसणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. चहाच्या खोलीकडे जाणाऱ्या बागेतल्या वाटेवर हे कुंड मुद्दाम जमिनीलगत ठेवतात. पाहुण्याने समोरच्या दगडावर यावे, वाकावे, लाकडी पळीने आधी डावा हात धुवावा, मग उजवा, मग चूळ भरावी. शेवटी पळी उभी धरून उरलेल्या पाण्याने तिचा दांडा धुवायचा. का? तर मागून येणाऱ्याच्या हाती ती स्वच्छ जावी म्हणून. पुढे चहाच्या खोलीचे दारही जेमतेम सव्वादोन फुटांचे. तलवार बाहेर ठेवायची आणि गुडघ्यांवर सरकत आत शिरायचे.

सोळाव्या शतकात सेन नो रिक्यूने ही चहाची रीत घडवली, तेव्हा तिथे येणारे पाहुणे कोण होते? सरदार, सेनानी, साकाई बंदरातले धनिक व्यापारी. वाकायचे होते ते ताठ मानेच्या माणसांनी. शिवाय यजमान आधी स्वतः कुंडात ताजे पाणी भरतो. थंडीच्या दिवसांत ऊन पाण्याचे भांडे ठेवायला कुंडाच्या बाजूला एक सपाट दगड असतो. वाकायला सांगणाऱ्यावर पाणी ऊन करून ठेवण्याची जबाबदारी येते, हे मला त्या कोरीव वाक्याहून मोलाचे वाटते.

कोणी विचारील, वाकल्याने माणूस खरेच नम्र होतो का? इतिहास तसे म्हणत नाही. रिक्यूचा धनी हिदेयोशी याने 1586 साली सम्राटाच्या राजवाड्यात सोन्याने मढवलेली चहाची खोली मांडली, आणि 1591 साली त्याच रिक्यूला आत्महत्येचा हुकूम दिला. दगड पाठ वाकवतो. मन वाकवणे त्याच्या हाती नाही. तरीही ती रीत मला व्यर्थ वाटत नाही. निदान घटकाभर तरी सत्तेला रिकाम्या हातांनी, पाठ वाकवून, दुसऱ्याचा विचार करून पळी धुवावी लागत होती. आमच्याकडच्या कोणत्या व्यासपीठावर तेवढेही घडते?

संतोष हा गुण आहे, याविषयी माझा वाद नाही. पण तो ज्याच्यापाशी पुरेसे आहे त्याने स्वतःला सांगावा. ज्याच्या हाती पदवीची गुंडाळी आणि खिशात परतीच्या भाड्यापुरते पैसे, त्याला तो ऐकवणे म्हणजे निव्वळ सोय आहे, ऐकवणाऱ्याची!

र्योआन-जीला जाणाऱ्या प्रवाशांना आज मूळ कुंड दिसत नाही, त्याची प्रतिकृती दिसते. आमच्या पाहुण्यांनी आम्हाला दिली तीही प्रतिकृतीच. वाक्य तेवढे इथवर आणले; वाकणे तिकडेच राहिले.