स्विच हवा, पण वाटेत नको

मोबाईल घेताना आपण कॅमेरा बघतो, रॅम बघतो, बॅटरी किती एमएएच ते बघतो. पॉवर अ‍ॅम्प्लिफायर कसला आहे असं आजवर दुकानात कोणी विचारलेलं ऐकलं नाही. कॉलेजात हा विषय बहुतेकांनी परीक्षेपुरता वाचला, मीही त्यातलाच. पण बॅटरी दुपारीच का मान टाकते याचं बरंचसं उत्तर तिथे आहे, म्हणून आजचा वीकेंड त्याच्या नावावर.

थोडक्यात ओळख. सिग्नल अँटेनाकडे निघण्यापूर्वी त्याला ताकद देणारा शेवटचा पैलवान म्हणजे पॉवर अ‍ॅम्प्लिफायर, ऊर्फ पीए. बिचाऱ्याला एकच काम नाही. ९०० मेगाहर्ट्झच्या जीएसएमवर अँटेनाला कमाल २ वॅट लागतात, तर एलटीईवर साधारण फोनला कमाल २०० मिलिवॅट. जीएसएम सिग्नलची उंची बोलताना स्थिर असते, त्यामुळे पीए दणकून चालवता येतो. एलटीईचा सिग्नल सतत वरखाली होतो. त्याचा आकार बिघडला की डेटा बिघडतो, शिवाय शेजारच्या चॅनेललाही ताप. त्यात टॉवर जवळ असेल तर फोन कुजबुजतो, लांब असेल तर ओरडतो. एवढे सगळे मोड एका सर्किटात बसवायचे कसे? सोपा उपाय : स्विच टाका. मोड वाढला? अजून एक टाका.

आम्ही सॉफ्टवेअरवाले तेच करतो. क्लायंटची नवी मागणी आली, लावा एक 'इफ'. पण आमचा इफ जवळजवळ फुकट असतो. पीएनंतरच्या वाटेतला स्विच फुकट नसतो.

हिशोबच करू. अँटेनाला २०० मिलिवॅट हवेत. जाणारा आणि येणारा सिग्नल वेगळा ठेवणाऱ्या ड्युप्लेक्सरमध्ये समजा २ डेसिबल गेले, दोन स्विचमध्ये अर्धा-अर्धा. झाले ३ डेसिबल, म्हणजे निम्मी पॉवर! पीएला ४०० मिलिवॅट काढावे लागणार. त्याची कार्यक्षमता ४० टक्के धरली तर बॅटरीतून १ वॅट. एक स्विच काढला तर तेच काम साधारण ८९० मिलिवॅटमध्ये होतं. डेटाशीटवर अर्धा डेसिबल किरकोळ दिसतो, पण ११ टक्के खातो, आणि ते तुमच्या खिशात उष्णता होऊन बसतात.

खरी गोम पुढे आहे. कमी पॉवरवर मोठा ट्रान्झिस्टर चालवणं म्हणजे एका प्रवाशासाठी अख्खी एसटी काढणं. म्हणून बायपास देतात : टॉवर जवळ असला की मोठा टप्पा बंद, सिग्नल छोट्या वाटेने. कल्पना उत्तमच. पण दोन वाटा जिथे मिळतात तिथे स्विच बसवला की पूर्ण पॉवरचा सिग्नलही त्यातूनच जातो. म्हणजे शहरात टॉवरखाली बसलेल्या माणसाची बॅटरी वाचवायला घातलेला स्विच, घाटात किंवा लांबच्या वाडीवर रेंजसाठी धडपडणाऱ्याकडून टोल वसूल करतो. ज्याचा फोन आधीच पूर्ण जोर लावतोय, त्याच्याकडूनच. हे मला पटत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. स्विचिंग करा, पण सिग्नलच्या वाटेवर नको, बायसवर करा. मोठ्या टप्प्याचा बायस काढला की तो झोपतो. छोट्याचा दिला की तो जागा होतो. दोन्ही वाटा मॅचिंग नेटवर्कमध्ये अशा जोडायच्या की झोपलेली शाखा जागीला जवळपास दिसतच नाही, आणि बंद ट्रान्झिस्टरची कपॅसिटन्स त्या नेटवर्कचाच भाग धरायची. जोडीला डीसी-डीसी कन्व्हर्टर घेऊन सरासरी पॉवरप्रमाणे पुरवठ्याचं व्होल्टेज कमी-जास्त करा. आमच्याकडे कामाच्या लूपमध्ये दर फेरीला कॉन्फिगरेशन तपासत नाहीत, आधीच ठरवून टाकतात. तसंच हे.

तोटे आहेतच. झोपलेली शाखा सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखी अदृश्य राहत नाही, त्यामुळे रुंद बँडवर मॅचिंग करताना घाम फुटतो. आणि प्रत्येक बँडचा फिल्टर वेगळा असल्यामुळे बँड निवडणारा स्विच राहणारच. त्याच्याशी माझं भांडण नाही. प्रत्येक स्विचला एकच प्रश्न विचारावा : तू इथे नाइलाजाने आहेस की सोयीने?

२०१० मध्ये आलेल्या मिपी आरएफएफई या मानकामुळे पीए आणि स्विच यांना घड्याळ आणि डेटा अशा दोन तारांवर हुकूम देता येऊ लागले. त्याआधी प्रत्येकाला वेगळ्या कंट्रोल लाईन ओढायच्या. सुधारणा चांगलीच, पण तिने तारा कमी झाल्या, वाटेतले टोलनाके नाही. हुकूम देणं सोपं झालं की माणूस उलट जास्त स्विच टाकतो, हे सॉफ्टवेअरमध्ये रोज बघतो :)

असो. स्विच टाकणं एका दुपारचं काम आहे, तो टाळणारं मॅचिंग बसवायला आठवडे जातात. पण ते आठवडे डिझायनरने एकदाच द्यायचे असतात. स्विचचा टोल मात्र लाखो लोक भरतात, रोज.