भूल देण्याआधीची चौकशी

शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ रोग्याला प्रश्न विचारतात. पूर्वी भूल घेतली होती का? घोळणा फुटतो का? अंगावर जन्मखूण आहे का? पुष्कळांना ही चौकशी निरर्थक वाटते. माझ्या मते रोग्याच्या जिवाचे रक्षण येथूनच सुरू होते.

काही थोड्या मुलांच्या रक्तवाहिन्या गर्भातच वेड्यावाकड्या घडतात. बाहेर दिसतो तो फक्त तांबडा-जांभळा डाग किंवा निळसर, मऊ फुगवटा. बहुतेक डाग त्वचेपुरतेच असतात. पण काहींच्या घशात, मेंदूत, फुप्फुसात वा कण्याजवळही अशा वाहिन्या असतात. श्वासनलिकेत नळी घालताना घशातील फुगवटा फुटला, तर रक्ताने श्वासमार्गच बंद होईल. कण्याजवळ अशी वाहिनी असेल, तर कमरेत सुई टोचून भूल देणे धोक्याचे. फुप्फुसात रोहिणी व नीला थेट जोडलेल्या असतील, तर सलाइनच्या नळीतील हवेचा बुडबुडा तेथे न अडकता मेंदूपर्यंत पोचू शकतो. हे आधी कळले, तर भूल देण्याची पद्धत बदलता येते, रक्ताची तयारी ठेवता येते.

नांदेड-लातूरचा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्याच संस्थानात १८८८ व १८८९ साली क्लोरोफॉर्म आयोग बसले. श्वासावर लक्ष ठेवा, नाडीची चिंता नको, असा डॉ. एडवर्ड लॉरी यांचा आग्रह होता. पुढे १९११ मध्ये लेव्ही यांनी प्रयोगांनी दाखवले की, क्लोरोफॉर्मने हृदयही एकाएकी थांबू शकते. एकाच खुणेवर विसंबणे बरे नव्हे, हाच यातला धडा.

आज नांदेड व लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पण डाग ‘ग्रहणाचा’ म्हणून घरचेच झाकत असतील, तर भूलतज्ज्ञ तरी काय करणार? चेहऱ्यावरच्या अशा तांबड्या डागाचे कारण २०१३ साली सापडले: गर्भातील एखाद्या पेशीच्या जनुकात आपोआप घडलेला बदल. त्यात ग्रहणाचा वा आईचा काहीच दोष नाही.

तातडीच्या वेळी रोगी बेशुद्ध असेल, तर कोण सांगणार? म्हणून मुलांनो, घरातील प्रत्येकाच्या जन्मखुणा, जुने आजार, पूर्वीच्या शस्त्रक्रिया एका वहीत लिहून ठेवा. आपल्या उन्हाळ्यात घोळणा अनेकांचा फुटतो. पण पिढ्यान्‌पिढ्या, वारंवार फुटत असेल, तर तेही लिहा. शिक्षकांनी हा उपक्रम वर्गात जरूर घ्यावा. दवाखान्यात जाताना ती वही बरोबर न्यायला मात्र विसरू नका.