शिकार दिसली का?



आफ्रिकेहून परतून पंधरा दिवस झाले. बॅगा धुऊन माळ्यावर गेल्या, उरलेले खाखरे संपले, तरी भेटेल ती बाई दोनच प्रश्न विचारते. पहिला, खाण्याचं काय केलंत? दुसरा, शिकार दिसली का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे, ते आधी देऊन टाकते. दुसऱ्यासाठी हा लेख लिहायला बसले.

खाण्याचे हाल अजिबात झाले नाहीत. केनियात गुजराती जैन कुटुंबं शंभर वर्षांहून अधिक काळ राहतात, त्यामुळे लॉजच्या स्वयंपाक्याला ‘जैन’ एवढा एक शब्द पुरला. कांदा, लसूण, बटाटा काही नाही हे त्यानेच मला म्हणून दाखवलं. दशम्या, खाखरे, मुगाचे लाडू मी नेले होते, पण जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथे 2017 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. सगळं स्टीलच्या डब्यांत आणि कापडी पिशव्यांत भरा. अडचण आली ती चौविहाराची. मसाई मारा विषुववृत्ताच्या अगदी जवळ, तिथे बाराही महिने सूर्य साधारण साडेसहाच्या आसपास मावळतो, आणि जनावरं बघायची संध्याकाळची फेरी नेमकी त्याच वेळेला असते. म्हणून आम्ही पावणेसहाला गाडीतच डबा उघडायचो. समोर जिराफ आणि मांडीवर दशमी. पच्चक्खाण एकदाही चुकलं नाही.

सासूबाई आल्या नाहीत. त्यांचं दिशा-परिमाणाचं व्रत आहे, भारताच्या सीमेबाहेर पाऊल टाकायचं नाही. शिवाय भाऊबीज झाल्यावर आम्ही निघालो तेव्हा चातुर्मास संपायला बारा-तेरा दिवस बाकी होते, तेही त्यांना खटकलं. पण दिवाळीत बाजार समिती बंद, मुलांना सुट्टी. कांद्याच्या व्यापाऱ्याच्या घराला दुसरा मोकळा वेळ कुठला मिळतो? (हो, आम्ही कांदा विकतो आणि खात नाही. याच्यावर मला कोणी बोलेल तर त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, तेव्हा आजचा लेख मी फार उंचावरून लिहीत नाहीये हे धरून चाला.)

आता शिकारीचं.

माऱ्यातली शेवटून दुसरी संध्याकाळ. हत्ती, सिंह, गेंडा, पाणघोडे सगळं बघून झालं होतं. नोव्हेंबरात गवे-हरणांचे ते प्रसिद्ध कळप बहुतेक सेरेंगेटीकडे परतलेले असतात, त्यामुळे नदी ओलांडण्याचा देखावा मिळणार नव्हता हे ठाऊकच होतं. मग राहिलं काय, तर ‘किल’. हा शब्द आमच्या गाडीत चार दिवस सारखा फिरत होता. आमचे हे रोज सकाळी ड्रायव्हरदादांना विचारायचे, आज किल मिळेल का? जणू बाजारात माल आला का विचारावं. बारा वर्षांचा मुलगाही तेच विचारायला लागला. आणि खरं सांगते, मीही त्याला गप्प केलं नाही.

त्या संध्याकाळी वायरलेसवर निरोप आला आणि गाडी वळली. पाऊस पडून गेला होता. तिथली काळी माती थेट आपल्या निफाडच्या मातीसारखी, चाकांना लोळ्यागत चिकटत होती. पोचलो तर एका वारुळावर चित्त्याची मादी बसलेली, खाली गवतात दोन पिल्लं. पुढे थोड्या अंतरावर थॉमसन गॅझेलचा कळप. आपल्या चिंकाऱ्यासारखीच ही हरणं, फक्त कुशीवर काळा पट्टा. मी गाड्या मोजल्या. आमच्यासकट चौदा. एका जनावराजवळ एका वेळी पाचच गाड्या असाव्यात असा नियम आहे, हे ड्रायव्हरदादांनीच आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

मादी खाली उतरली. अंग जमिनीला घासत पुढे सरकली. मी मनात नवकार सुरू केला, त्या हरणांसाठी. तेवढ्यात एका गाडीला फोटोसाठी चांगला कोन हवा होता, ती आवाज करत मधे घुसली. कळपाने माना वर केल्या आणि क्षणात सगळी पळाली. मादी थोडं अंतर धावली, थांबली, बसली. चौदा गाड्यांतून एकदम ‘अरेरे’ आलं. माझ्या मनात आलं, वाचलं बाई पोर!

मी ते बोलूनही दाखवलं. तेव्हा ड्रायव्हरदादा मागे न वळता म्हणाले, सकाळीही असंच झालं होतं, आज पिल्लं उपाशीच झोपणार.

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. हरीण माझ्या नवकारामुळे वाचलं नव्हतं. ते डिझेलच्या आवाजाने वाचलं होतं. आणि त्या आवाजाचे पैसे आम्ही भरले होते.

परत आल्यावर मी थोडं वाचलं. चित्ता बहुतांशी दिवसा शिकार करतो, कारण रात्री सिंह आणि तरस त्याच्या तोंडचं हिसकावून घेतात. म्हणजे त्याच्या जेवणाची वेळ आणि आपल्या फेरीची वेळ एकच. 2018 मध्ये मसाई माऱ्यातल्या चित्त्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे पर्यटकांची फार वर्दळ, तिथे एका वेतातून सरासरी 0.2 पिल्लं मोठी होतात. जिथे वर्दळ कमी, तिथे 2.3. हिशोब करा, गर्दीच्या भागात पाच वेतांमागे कसंबसं एक पिल्लू जगतं. आपल्या देशातून चित्ता 1952 साली नामशेष झाल्याचं जाहीर झालं. 2022 मध्ये नामिबियातून आठ चित्ते विमानाने कुनोला आणले, तेव्हा टीव्हीसमोर बसून आपण कौतुक केलं. आणि तिथे, त्यांच्या घरी जाऊन, आपण त्यांचं ताट ओढतो.

यांचं म्हणणं असं, आपण नसतो तरी चित्त्याने हरीण मारलंच असतं, त्यात आपलं पाप काय? बरोबर आहे. चित्ता तिर्यंच आहे, तो गवत खाणार नाही. त्याच्या खाण्याचा न्याय करायला मी बसलेली नाही. मांजराच्या तोंडातला उंदीर सोडवावा की नाही, हा दया-दानाचा वाद आपल्याकडे अडीचशे वर्षांपूर्वीच घालून झाला आहे, मी त्यातही पडत नाही. माझा प्रश्न जनावराचा नाहीच, गाडीत बसलेल्यांचा आहे.

आपल्यातल्या जाणत्या बाया लगेच म्हणतील, श्रावकाची व्रतं दोन करण तीन योगाची असतात. करणार नाही, करवणार नाही. अनुमोदनेचा त्याग साधू-साध्वींचा, आपला नाही. हेही बरोबर. पण त्या संध्याकाळी फक्त अनुमोदना होती का? चार दिवस ‘किल दाखवा’ म्हणणं, ती दिसली तर ड्रायव्हरला बक्षिशी जास्त देणं, हे मला तरी करवण्याच्या जवळ जाणारं वाटतं. तो बिचारा नियम का मोडतो? आपण खूश व्हावं म्हणून. आणि समजा हे करवणं नाही, तरी आठवं व्रत अनर्थदंडाचं आहेच. योगशास्त्रात हेमचंद्राचार्यांनी प्रमादाचरणाच्या गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत प्राण्यांच्या झुंजी लावून मौज घेणंही येतं. पोटासाठी नाही, घरासाठी नाही, नुसत्या कुतूहलापोटी. शेतात नांगर चालतो त्यात हिंसा होते, पण तिथे गरज तरी असते. व्हिडिओला कसली गरज?

शेवटच्या सकाळी मी ड्रायव्हरदादांना सांगितलं, आज चित्ता नको, सिंह नको, वायरलेस बंद ठेवा. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हसले. आमचे हे चिडले. एवढा खर्च करून आलो तो काय झाडं बघायला? अर्धा तास गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही. मग एका ओढ्याकाठी हत्तींचं कुटुंब दिसलं, आमची एकच गाडी. ड्रायव्हरदादांनी इंजिन बंद केलं. पाऊण तास आम्ही तिथे होतो. एक पिल्लू आईच्या पायांतून निघे, सोंडेने चिखल उडवी, परत आत जाई. मुलाने मोबाइल काढला, थोडं शूटिंग केलं आणि ठेवून दिला. यांचा राग गेला असं म्हणणार नाही, पण दुसऱ्या पिल्लाकडे बोट मलाच दाखवलं.

नैरोबीत शेवटच्या दिवशी ओसवाल सेंटरच्या देरासरात गेलो. आम्ही स्थानकवासी, तरी परदेशात आपला शब्द कानावर पडला की पाय आपोआप वळतात. तिथे एक हालारी बा भेटल्या, जन्म केनियातलाच. मारा बघून आलो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, आमच्याकडे पाहुणे आले की आम्ही त्यांना आधी शेल्ड्रिक ट्रस्टची हत्तीची पोरकी पिल्लं दाखवतो. सकाळी तासभर बघू देतात, बाटलीने दूध पाजतात. आमचं विमान दुपारचं, ते राहून गेलं. आपल्या पांजरपोळीची आठवण होणारी जागा आहे म्हणे. जाणार असाल तर तेवढं चुकवू नका.

जाऊ नका असं मी म्हणत नाहीये, हे नीट वाचा. केनियाने 1977 पासून शिकारीवर बंदी घातली आहे आणि पर्यटकांच्या पैशावर ती जंगलं बऱ्याच अंशी टिकून आहेत. जा, पण पहिल्याच दिवशी ड्रायव्हरला सांगा की आम्हाला किल नको, पाच गाड्या दिसल्या तर सहावी आपली नको, आणि बक्षिशी त्यावर कमी होणार नाही. हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं, त्याशिवाय बाकीची दोन तो ऐकणार नाही. माऱ्याला जायची ऐपत नसेल तर ममदापूरची काळविटं आहेत, नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी आहेत, दोन्ही आपल्या दाराशी. नियम तिथेही हाच. आणि आपल्याकडे उसातून बिबट्या निघाला किंवा विहिरीत पडला की काठावर जो मोबाइलचा मेळा भरतो, त्यात आपली मुलं असतात का, हे एकदा घरात विचारून बघा. माझा होता, गेल्या वर्षी. तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं.

परत आल्यावर संध्याकाळी प्रतिक्रमण झालं, तशी सासूबाईंना मी सगळं सांगितलं. चौदा गाड्या, नवकार, ड्रायव्हरदादांचं बोलणं. मला वाटलं आता प्रायश्चित्त सांगतील, किंवा निदान चातुर्मासाचं काढतील. त्या मुहपत्ती घडी करत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “हरीण वाचलं ते ठीक. त्या लेकरांना मग दुसऱ्या दिवशी तरी मिळालं का गं खायला?”

आम्ही दुसऱ्या दिवशी तिकडे गेलोच नव्हतो. मला ठाऊक नाही.