खुलाशाची सक्ती आणि कचारगड

माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, दरेकसा-धनेगावच्या वाटेने कचारगडच्या गुहेकडे जाणाऱ्या गोंड यात्रेकरूला एक प्रश्न हटकून विचारला जातो: ही श्रद्धा म्हणजे नेमके काय? पंढरीच्या वाटेवरील वारकऱ्याला असा प्रश्न मराठी समीक्षक क्वचितच विचारतो. तेथे परंपरा गृहीत असते. येथे मात्र खुलासा आधी, मान्यता मागाहून. शिवाय खुलाशाची भाषाही विचारणाऱ्यानेच ठरवलेली.

शंभूने गुहेत कोंडलेली कली कंकालीची मुले, त्यांची जंगो आणि पारी कुपार लिंगोने केलेली सुटका, हिरासुका पाटारीचे संगीत ही कथा आदिबंधवादी समीक्षेच्या हाती लागली की गुहा म्हणजे गर्भाशय आणि सुटका म्हणजे पुनर्जन्म हे ठरलेलेच. असा अन्वयार्थ जगातील कोणत्याही गुहेला लावता येतो, आणि हाच त्याचा दोष. सुटून आलेल्या मुलांची लिंगोने जी सगाव्यवस्था लावली, तिच्यानुसार चार, पाच, सहा, सात देवांची कुळे ठरतात आणि कोणाशी सोयरीक होऊ शकते, कोणाशी नाही, हेही ठरते. ऐकणाऱ्याला ज्या कथेत स्वतःचे नातेगोते सापडते, तिला केवळ प्रतीक म्हणणे हे समीक्षेचे आंधळेपण होय.

इतिहासवाद्यांचा आक्षेप निराळा. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपून घेतलेले लिंगोगीत त्यांच्या मृत्यूनंतर, 1866 मध्ये, रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केले. त्यात महादेव-पार्वती आहेत, म्हणून ते भेसळीचे; आणि कचारगडची यात्रा संघटित झाली ती 1980च्या दशकात, म्हणून ती नवी. हीच शुद्धतेची कसोटी मराठीतील किती क्षेत्रमाहात्म्यांना लावण्याची तयारी आहे?

या दडपणाखाली श्रद्धावंतही विचारणाऱ्याच्या भाषेत बोलू लागतो. मोतीरावण कंगाली (1949–2015) यांनी गोंडी पुनेमाचे दर्शन ग्रंथबद्ध केले, हे मोठेच काम. परंतु सिंधू लिपी गोंडीतून वाचण्यापर्यंत त्यांना जावे लागले, याचा अर्थ पूर्वजांचे स्मरण एवढे प्रमाण ज्ञानव्यवहाराला पुरेसे वाटत नव्हते. त्या वाचनाची चिकित्सा अवश्य व्हावी. मात्र ते फसले तर पुनेमही फसले, असा निष्कर्ष काढणाऱ्याला श्रद्धा आणि प्रमेय यांतील भेदच उमगलेला नाही. ‘पुनेम’चा ‘धर्म’ असा अनुवादही तडजोडच आहे. ग्रंथ कोणता, संस्थापक कोण, हे पुढचे प्रश्न त्या एका शब्दामागून येतात.

गो. स. घुर्ये यांनी 1943 मध्ये आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ ठरवले, तेव्हा त्यांच्या उत्तराची वाट पाहण्याची गरज कोणाला वाटली नाही. वसाहतकालीन जनगणनेत आदिवासी धर्मांसाठी असलेला वेगळा वर्ग स्वातंत्र्यानंतर उरला नाही. तरीही 2011च्या जनगणनेत दहा लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म गोंडी असल्याचे नोंदवले. त्यासोबत कोणताही खुलासा जोडलेला नव्हता. ती नोंद ‘इतर’ या सदरात गेली.