ओसरीवरील हिशेब : घरबसल्या चार पैसे

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं एक नवा प्रकार माझ्या दृष्टीस पडूं लागला. दुपारचीं जेवणें उरकून, स्वयंपाकघर आवरून आणि नातवाला निजवून आमची धाकटी सून मोबाइल घेऊन खिडकीशीं बसे व त्याच्या पडद्यावर भराभर बोट फिरवी. शेजारीं एक लहानशी वही असे. तींत मधून मधून कांहीं आंकडे मांडी. करमणूक करून घेणाऱ्या माणसाची मुद्रा ती नव्हे. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासावयास बसलेल्या मास्तराच्या तोंडावर जो कंटाळा आणि जी चिकाटी असते, तीच तिच्या तोंडावर दिसे. आणि पस्तीस वर्षें तोच उद्योग केलेला असल्यामुळें मला ती ओळखावयास वेळ लागला नाहीं. एके दिवशीं मीं विचारलें, “सूनबाई, हें रोज काय चालतें?” ती जरा संकोचली व म्हणाली, “मामंजी, प्रश्नांचीं उत्तरें देतें. त्याचे पैसे मिळतात.”

आमच्या शाळेंत उत्तर न देणाऱ्यास छडी मिळे; देणाऱ्यास पैसे मिळाल्याचें मीं कधीं ऐकलें नव्हतें. म्हणून तिच्याकडून सारा व्यवहार समजावून घेतला. ज्या वाचकांना तो ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं येथें थोडक्यांत सांगतों.

साबण, चहा, विमा, मोटारी विकणाऱ्यांना गिऱ्हाइकाच्या मनांत काय आहे हें जाणून घ्यावयाचें असतें. तें काम ते बाजार-संशोधन करणाऱ्या कंपन्यांकडे सोंपवितात, आणि या कंपन्या उत्तरें देण्यास राजी असलेल्या लोकांच्या मोठमोठ्या याद्या बाळगून असतात. यादींत नांव घालतांना वय, शिक्षण, गांव, घरांतील माणसें, उत्पन्न, वाहन अशी सारी कुंडली लिहून द्यावी लागते. मग विकणाऱ्यास जशीं माणसें हवीं असतील तशांना प्रश्नावली धाडतात. समजा, लहान मूल असलेल्या तीस ते चाळीस वयाच्या दोनशें स्त्रिया हव्या आहेत. त्या दोनशें भरल्या कीं दार बंद. त्यामुळें पुष्कळदां असें होतें कीं, पांच-सात मिनिटें उत्तरें दिल्यावर ‘आपण या पाहणीस पात्र नाहीं’ असा निरोप येतो, आणि त्या मिनिटांचा मोबदला शून्य किंवा नांवापुरता. उत्तरें मन लावून दिलीं जातात कीं नाहीं हें पाहण्यासाठीं ‘येथें तिसरा पर्याय निवडा’ असा सांपळाहि मध्येंच ठेवलेला असतो. त्यांत चुकलें कीं सारी प्रश्नावली बाद होऊं शकते. मोबदला बहुधा रोख नसतो. गुण सांठतात, आणि ठराविक संख्या गांठल्यावर एखाद्या दुकानाचें व्हाउचर मिळतें. गूगल कंपनीच्या ‘ओपिनियन रिवॉर्ड्स’ या ॲपवर अँड्रॉइड मोबाइलधारकास जें मिळतें तें त्याच कंपनीच्या ‘प्ले’ दुकानांत खर्चावें लागतें; त्यानें वाण्याचें बिल भागत नाहीं.

सुनेची वही पाहून मात्र मला तिचें कौतुक वाटलें. ती वाणिज्य शाखेची पदवीधर. मूल झाल्यावर नोकरी सोडलेली. आठ आठवड्यांचा चोख हिशेब तिनें ठेवला होता. एकंदर ४० तास खर्ची पडले होते. त्यांतले १२ तास अपात्र ठरण्यांतच गेलेले. १,१२० रुपयांचे गुण जमले. परंतु ३०० रुपये पुरे झाल्याखेरीज व्हाउचर सुटत नसल्यामुळें हातीं आलीं तीं तीन व्हाउचरें, म्हणजे ९०० रुपये. बाकीचे २२० तेथेंच अडकून पडले. त्रैराशिक मांडलें तर तासाला साडेबावीस रुपये पडले.

हा कांहीं तिच्या एकटीच्या दैवाचा दोष नव्हे. अमेरिकेंत ॲमेझॉन कंपनीनें २००५ सालीं ‘मेकॅनिकल टर्क’ नांवाचा एक बाजार उघडला. तेथें प्रश्नावल्या भरणें, चित्रांना नांवें देणें अशीं किरकोळ कामें घरबसल्या मिळतात. तेथील २,६७६ कामकऱ्यांनीं केलेल्या सुमारें ३८ लक्ष कामांचा हिशेब संशोधकांनीं तपासून २०१८ सालीं प्रसिद्ध केला. काम शोधण्यांत व हातचें सोडून देण्यांत गेलेला वेळ जमेस धरला तेव्हां मधल्या कामकऱ्याची कमाई तासाला सुमारें २ डॉलर भरली. तेथील मध्यवर्ती सरकारनें ठरविलेलें किमान वेतन ७.२५ डॉलर, त्याहून अधिक मिळविणारे शंभरांत चारच निघाले. तेव्हां ‘घरबसल्या महिना पन्नास हजार’ अशी जाहिरात जो करतो तो एक तर अडाणी असला पाहिजे, नाहीं तर लबाड.

वेळेखेरीज आणखीहि एक वस्तु या व्यवहारांत हातची जाते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नगराच्या कारभाराचा जो अध्याय आहे, त्यांत दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांमागें एक ‘गोप’ नेमावा असें सांगितलें आहे. त्या कुटुंबांतील स्त्री-पुरुषांचीं नांवें, गोत्रें, व्यवसाय आणि आय-व्यय या सर्वांची माहिती त्यानें ठेवावयाची. राजाला ती माहिती मिळविण्यासाठीं अधिकारी पोसावा लागे. आज आपण ती आपल्या बोटानें लिहून देतों आणि वर आभार मानतों. एकत्र कुटुंबांत तर ही गोष्ट अधिकच नाजूक आहे, कारण उत्तर एकजण देतो आणि उघडें पडतें सारें घर. कोणत्या चहाची चव आवडते हें खुशाल सांगावें. पण आजोबांना कोणता आजार आहे, दिराचा पगार किती, घर कोणाच्या नांवावर आहे, हें सांगण्यापूर्वीं त्या त्या माणसास विचारावें. २०२३ सालीं आपल्या देशांत वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माहिती कशासाठीं घेतली जात आहे हें सांगूनच संमति घ्यावी, आणि संमति देणें जितकें सोपें तितकेंच ती परत घेणेंहि सोपें असावें, हें तत्त्व त्यांत आहे. कायदा चांगला आहे. पण एकदां गांवभर झालेली गोष्ट कोणत्याहि कायद्यानें पुन्हां पेटींत घालतां येत नाहीं. आणि आधार, पॅन, बँकेचा गुप्त क्रमांक किंवा ओटीपी मागणारी प्रश्नावली ही प्रश्नावलीच नव्हे, हें तर घरांतल्या लहानथोरांनीं पाठ करून ठेवावें.

आतां खरी गोष्ट पुढेंच आहे. भाद्रपदांत एके दिवशीं सून आपण होऊन माझ्याकडे आली. तिच्या मोबाइलवर टेलिग्रामवरून कोणा अनोळखी माणसाचा निरोप आला होता. तीन चित्रफितींना ‘पसंत’ म्हणून खूण करावी, दरेकीं ५० रुपये मिळतील. तिनें तसें केलें, आणि खरोखरच १५० रुपये खात्यांत जमा झाले. नंतरचा निरोप असा कीं, आतां वरच्या वर्गाचें काम घ्यावें. त्यासाठीं १,००० रुपये आधीं भरावे, संध्याकाळीं १,३०० परत. “मामंजी, हें खरें असेल का?” तिनें विचारलें. मला त्या यंत्राची फारशी माहिती नाहीं. परंतु काम देणारानें दाम द्यावा आणि करणारानें तो घ्यावा, एवढा व्यवहार मला समजतो. करणारानेंच दाम मोजावयाचा, ही रीत मला कोठें आढळली नाहीं. मीं नको म्हटलें.

नंतर चौकशी केली तेव्हां अंगावर कांटा आला. पहिले शेंदीडशें हें गळाला लावलेलें आमिष असतें. पुढें हजाराचे पांच हजार, पांचाचे पन्नास हजार होत जातात. पडद्यावर आपल्या नांवें फुगत जाणारी रक्कम दिसते. ती काढावयास गेलें कीं ‘आधीं कर भरा’, ‘आधीं दंड भरा’ असें सुरू होतें. अशा कामांचें आमिष दाखवून फसविणाऱ्या शंभरांहून अधिक वेबसाइटी केंद्र सरकारनें २०२३ च्या डिसेंबरांत बंद केल्या. तरी नांवें बदलून धंदा चालूच आहे. कोणी फसलेंच, तर लाजेनें गप्प बसूं नये. त्याच घटकेस १९३० या क्रमांकावर कळवावें. पैसा पुढच्या खात्यांत सरकण्यापूर्वीं बँकेला सांगितलें गेलें तर तो अडविला जाण्याची आशा असते. घरांत बोलणीं बसतील या भीतीनें घालविलेली घटका फार महाग पडते. म्हणून वडील माणसांनींहि आधीं क्रमांक लावावा आणि बोलावयाचें तें मागाहून बोलावें.

हजार रुपये वांचले या समाधानांत मी होतों. पण एक प्रश्न मनांतून जाईना. म्हणून विचारलें, “तुला पैशाची एवढी निकड कशाची पडली, बाळ? घरांत मागितलेंस तर नाहीं कोण म्हणेल?” ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग कळलें तें असें. तिच्या आईच्या डोळ्यांत मोतीबिंदु झाला होता, आणि शस्त्रक्रियेच्या खर्चांत आपलाहि थोडा वांटा असावा असें तिच्या मनांत होतें. व्हाउचर कांहीं डॉक्टरांस चालत नाहीं. म्हणून तीं नऊशें रुपये आमच्याच घरांत खपलीं होतीं. नातवाचा नवा रेनकोट आणि माझ्या नाश्त्याचा उभा डबा त्यांतून आलेला. मी समजत होतों कीं, चिरंजीवांनीं आणला! मी म्हणालों, “पैसे आम्ही देतों.” तेव्हां ती म्हणाली, “मामंजी, तुम्ही द्याल हें मला ठाऊक आहे. पण दिलेलें नको होतें, मिळविलेलें हवें होतें.”

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. ‘आपलें स्वतःचें मासिक उत्पन्न किती?’ हा प्रश्न त्या प्रश्नावल्यांनीं तिला दोन महिन्यांत कितीदां तरी विचारला होता, आणि दर वेळीं तिनें शून्य लिहिलें होतें. या घराचा जमाखर्च मी इतकीं वर्षें लिहितों. पण तिच्या नांवाचा रकाना त्यांत कधीं काढलेला नाहीं, आणि तिला विचारलेलेंहि नाहीं.

आमच्या धर्मशास्त्रांत स्त्रीधनाचा विचार पुष्कळ आहे. मनूनें त्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: विवाहाच्या अग्नीसमोर मिळालेलें, सासरीं जातांना मिळालेलें, प्रीतीनें दिलेलें, आणि भाऊ, आई व बाप यांनीं दिलेलें. हे सहाहि प्रकार दिलेल्या धनाचे आहेत. मिळविलेल्या धनाचा त्यांत एकहि नाहीं. कात्यायनानें तर स्त्रीनें आपल्या कलाकौशल्यानें मिळविलेल्या धनावर पतीचें स्वाम्य सांगून ठेवलें आहे. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याच्या १४ व्या कलमानें ही गोष्ट पालटली. स्वतःच्या कौशल्यानें वा श्रमानें मिळविलेली मालमत्ता स्त्रीच्या पूर्ण मालकीची, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. कायदा बदलून इतकीं वर्षें लोटलीं. आमच्या ओसरीवर मात्र अजून कात्यायनच बसलेला होता, आणि तो मीच होतों.

घरबसल्या मिळकत ही कांहीं कमीपणाची गोष्ट नाहीं. १९५९ च्या मार्चांत गिरगांवांत सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास प्रारंभ केला. त्याचेंच पुढें लिज्जत झालें. तेथील भगिनी पीठ घरीं नेतात, लाटलेले पापड परत आणतात. मजुरी आधीं ठाऊक असते, आणि काम करणारीच धंद्याची भागीदार असते. प्रश्नावलींत यांतलें कांहींच नाहीं. मग शिकलेल्या स्त्रिया तिच्याकडे कां वळतात? मला वाटतें, याचें कारण घरांतच आहे. त्यांच्यापाशीं वेळ उरतो तो तुकड्या-तुकड्यांचा. दहा मिनिटें झालीं कीं मूल उठतें, पंधरा मिनिटें झालीं कीं दार वाजतें, वीस मिनिटें झालीं कीं आमच्यासारख्याला चहा हवा असतो. असल्या तुकड्यांत बसेल असें काम एवढेंच, आणि तुकड्यांना मोल मिळतें तें मोडीचें. तोच वेळ सलग मिळाला तर त्याच माणसाच्या शिक्षणाला पुरा भाव येतो.

आमच्या घरीं आतां दुपारीं दोन ते चार या वेळांत धाकट्या सुनेला कोणी हांक मारावयाची नाहीं, असा नियम झाला आहे. नातू माझ्याकडे असतो. चार वाजेपर्यंत चहा मागावयाचा नाहीं, आणि मागावासा वाटलाच तर स्वतः करावयाचा. पहिल्या आठवड्यांत मीं दोनदां दूध उतूं घालविलें, आणि सौभाग्यवतींनीं त्याची आठवण अजून बुजूं दिलेली नाहीं. सून त्या दोन तासांत गल्लींतील दोघां दुकानदारांचे हिशेब लिहिते. पहिल्या महिन्याचे तिला ३,००० रुपये मिळाले. शस्त्रक्रिया तोंवर होऊन गेली होती. पण आईचा नवा चष्मा तिनें आपल्या पैशांनीं करून दिला. प्रश्नावली अजूनहि कधीं तरी भरते. मात्र आतां चहाविषयीं आपलें मत सांगावें म्हणून भरते, मिळकत म्हणून नव्हे.

वाचकहो, आपल्या घरांतहि दुपारीं कोणी खिडकीशीं मोबाइल घेऊन बसत असेल, तर त्या माणसाचा मोबाइल तपासूं नका. त्याच्या दिवसांत सलग असे दोन तास आहेत का, एवढें आधीं तपासा.