तासाभरात गुण देणारा 'झाडपाला'

युरोप-अमेरिकेतल्या बागांमध्ये मोठ्या वृक्षांखाली, जिथे गवतही धड वाढत नाही, तिथे एपिमेडियम हमखास लावतात. दारुहळदीच्या कुळातले हे फूटभर उंचीचे, वर्षानुवर्षे टिकणारे, सावलीत खुलणारे रोप. त्याच्या बहुतेक जाती चीनच्या. तिथे त्याची पाने फार जुन्या काळापासून काढ्यात वापरतात, गुडघ्यांच्या अशक्तपणासाठी आणि पुरुषांच्या कमजोरीसाठी. चिनी नाव 'यिन यांग हुओ', म्हणजे कामातुर बोकडाचा पाला. हा पाला खाऊन बोकड चेकाळतात, असे शेळ्या राखणाऱ्यांनी पाहिले, अशी त्यामागची कथा. इंग्रजीत त्याचे 'हॉर्नी गोट वीड' झाले आणि या नावाच्या कॅप्सूल आता भारतातही घरबसल्या मागवता येतात.

कथेत थोडे तथ्य आहे. पानांतले इकॅरिन हे द्रव्य रक्तवाहिन्या सैल होण्याच्या आड येणाऱ्या एका विकराला रोखते. व्हायग्रातले सिल्डेनाफिल हेच काम करते. मात्र प्रयोगशाळेतल्या तुलनेत सिल्डेनाफिल सुमारे ८० पट प्रभावी ठरले. इकॅरिनवरचे बहुतेक प्रयोग पेशींवर आणि उंदरांवर झाले आहेत. माणसांवरचा पुरावा तुटपुंजा आहे.

मग काही 'हर्बल' कॅप्सूल तासाभरात गुण कसा देतात? अनेकदा उत्तर सरळ असते: त्यात झाडपाल्याच्या नावाखाली सिल्डेनाफिलच मिसळलेले असते. २००७ ते २०१६ या काळात अमेरिकेच्या औषध प्रशासनाला ७७६ पूरक उत्पादनांत लपवलेली औषधे सापडली. त्यातली ३५३ उत्पादने लैंगिक शक्तीसाठी विकली जात होती आणि त्यांत सर्वाधिक वेळा आढळले ते सिल्डेनाफिल.

हृदयरोग्यासाठी ही फसवणूक जीवघेणी ठरू शकते. छातीत दुखू लागले की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी नायट्रेट गटातली. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तासांत नायट्रेट पोटात गेले, तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. इमर्जन्सीत डॉक्टर विचारतात, "दुसरे काही औषध घेतले का?" रुग्ण प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो. त्याच्या लेखी ते औषध नसतेच, तो झाडपाला असतो.

दुसरे नुकसान हळू होते, पण त्याची व्याप्ती मोठी आहे. शिश्नाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. धमन्या खराब होऊ लागल्या की बारीक धमनी आधी तक्रार करते. म्हणून ताठरतेची अडचण ही पुष्कळदा हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षे आधी मिळालेली सूचना असते. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, मानसिक ताण, चालू असलेल्या काही गोळ्या, यांपैकी काहीही मुळाशी असू शकते. चाळिशीतला पुरुष लाजेपोटी गुपचूप कॅप्सूल मागवतो, तेव्हा पैसे तर जातातच. शिवाय साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासायची वेळही हातची जाते.

याचा अर्थ वनस्पती निरुपयोगी, असा नाही. याच रोपापासून मिळणाऱ्या इकॅरिटिनला चीनने २०२२ मध्ये यकृताच्या प्रगत कर्करोगावर, ठरावीक रुग्णांसाठी मान्यता दिली. पण त्याआधी ते द्रव्य वेगळे केले गेले, मात्रा ठरली, माणसांवर चाचण्या झाल्या. जाणकार वैद्यही आधी रुग्णाला तपासतो, मगच काढा सांगतो. बिननावाच्या पुडीमागे यातले काहीच नसते.

यावर उपाय अवघड नाहीत. औषध प्रशासनाने 'तासाभरात परिणाम' असा दावा करणारी उत्पादने बाजारातून उचलून तपासावीत. लेबल वाचून भागणार नाही. डॉक्टरांनी मधुमेह आणि हृदयविकाराच्या पुरुष रुग्णांना हा प्रश्न स्वतःहून, नातेवाइकांना बाहेर पाठवून विचारावा. गर्दीच्या ओपीडीतही त्याला दोन मिनिटे पुरतात. आणि ज्यांनी अशी कॅप्सूल घेतली आहे, त्यांनी छातीत दुखल्यास ती गोष्ट डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावी. जमल्यास डबी सोबत न्यावी.