अर्धं टाका म्हणे!

गेल्या शनिवारी मोतीच्या कानामागे चार गोचिडी सापडल्या. आठवडाभर ऑफिसात बग शोधायचे आणि वीकएंडला घरी. नशीब! दुकानदाराने मानेवर टाकायचं औषध दिलं, वर म्हणाला, "मांजर पण आहे ना? तिला यातलंच अर्धं टाका."

खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायची खोड आहे म्हणून बरं. आत पर्मेथ्रिन होतं. कुत्र्याला ते चालतं, पण मांजराच्या यकृताला ते नीट मोडता येत नाही. झटके येतात, जीवही जातो. इथे अर्ध्या मात्रेचा हिशोब कसला हो लावता? मांजर म्हणजे छोटा कुत्रा नव्हे!

मनीला व्हेटने वजन करून मांजरांसाठीचं फिप्रोनिल दिलं. (हेच सशाला मात्र घातक. घ्या!) दोघं एकाच चादरीवर लोळतात, मनी त्याला चाटते, म्हणून मोतीलाही पर्मेथ्रिन नाही, त्याला फ्लुरालानरची गोळी, साधारण १२ आठवडे पुरते. या गटातल्या औषधांनी फिट येऊ शकते असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०१८ साली दिलाय, तेव्हा तुमच्या कुत्र्याला कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

ते खोकं परत द्यायला गेलो. पैसे काही मिळाले नाहीत.